पहिलं स्टार-डेल्टा पॅनेल बांधताना: ड्रॉइंगपासून फॉल्ट शोधण्यापर्यंत

आयटीआय इलेक्ट्रिशियन करून कोल्हापूरजवळच्या एका पॅनेल शॉपला अप्रेंटिस लागलो तेव्हा मला कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की ओढून मोटरला करंट देणारा स्विच) माहीत होता, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) माहीत होता, स्टार-डेल्टाचं सर्किट तर परीक्षेत न बघता काढलेलं, पण रिकामं एन्क्लोजर, म्हणजे पॅनेलची पेटी, समोर आल्यावर पहिलं होल कुठं मारायचं तेच कळेना. वहीतलं सर्किट आणि दाराआडचं पॅनेल यांच्यामध्ये बरंच काही असतं आणि ते कुणी लिहून देत नाही, शेजारच्याचं बघून शिकायचं, चुकलं की बोलणी खायची. नव्या पोरांचा तो वेळ वाचावा म्हणून हे क्रमाने लिहितोय. उदाहरण एकच घेतलंय, १५ एचपी पंपाच्या मोटरचं स्टार-डेल्टा पॅनेल, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून काही सेकंदांनी डेल्टात नेणारं, कारण ते लिफ्ट इरिगेशनपासून फाउंड्री, साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे दिसतं आणि हे एक नीट हातात बसलं की पुढे एमसीसी (अनेक मोटरींचं एकत्र पॅनेल) असो, पीएलसी (प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर) पॅनेल असो की ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) पॅनेल, पद्धत तीच राहते.

सुरुवातीलाच एक सांगतो. पॅनेल बांधणं वेगळं आणि ते साइटवर सप्लायला जोडणं वेगळं. जोडणीचं काम परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करा, चार पॅनेल बांधली म्हणून एकट्याने जाऊन लाइव्ह केबल हातात घ्यायची नाही.

१) आधी काय काय हातात पाहिजे

कागद: मोटरच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो, पॉवर आणि कंट्रोल ड्रॉइंग, आतल्या मांडणीचं जीए ड्रॉइंग, सामानाची यादी म्हणजे बीओएम, टर्मिनल लिस्ट, आणि पॅनेलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या केबलींची यादी. यातलं एकही नसेल तर काम सुरू करू नका, मागा. "तुम्ही बांधा, ड्रॉइंग नंतर देतो" असं म्हणणारे भरपूर भेटतात आणि नंतर ते ड्रॉइंग कधीच येत नाही.

हत्यारं: चांगला मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (जुने लोक टाँग टेस्टर म्हणतात), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), सिरीज टेस्ट लॅम्प, वायर स्ट्रिपर, लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणाच्या) साइझप्रमाणे क्रिम्पिंग टूल, ड्रिल, एम४-एम५-एम६चे टॅप, पुशबटणांसाठी २२.५ मिमीचा होल सॉ किंवा पंच, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरचा सेट, आणि परवडत असेल तर टॉर्क ड्रायव्हर. लग पक्कडीने दाबायचा नाही. पक्कडीने दाबलेला लग त्या दिवशी घट्ट वाटतो आणि सहा महिन्यांनी काळा पडून हातात येतो.

२) नेमप्लेट वाचा, सगळं गणित तिथूनच निघतं

११ किलोवॅट म्हणजे १५ एचपी, ४१५ व्होल्टला फुल लोड करंट साधारण २१ अँपिअर येतो, पण हा आकडा पाठ करून वापरायचा नाही, प्लेटवर जो आहे तोच घ्यायचा.

प्लेटवर दुसरी गोष्ट बघायची ती कनेक्शन. ४१५ व्होल्ट डेल्टा असं लिहिलेलं असेल तरच ही मोटर आपल्याकडच्या सप्लायवर स्टार-डेल्टाने चालवता येते. बाहेरून आलेल्या मशीनबरोबरच्या छोट्या मोटरवर बऱ्याचदा २३० डेल्टा / ४०० स्टार असं असतं, ती ४१५ वर डेल्टात टाकली की वाइंडिंग गेलंच म्हणून समजा. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का तेही बघून घ्या, आत तीनच टोकं काढलेली असतील तर स्टार-डेल्टाचा विषयच संपला.

आता हिशोब. डेल्टामध्ये मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधून फेज करंट जातो, म्हणजे लाइन करंटच्या ५८ टक्के. २१ गुणिले ०.५८ म्हणजे साधारण १२.२ अँपिअर. स्टार कॉन्टॅक्टरला तेहतीस टक्के, म्हणजे ७ अँपिअर. म्हणून मेन आणि डेल्टा सारख्या साइझचे आणि स्टार एक साइझ लहान चालतो. कॉन्टॅक्टर घेताना त्यावर दोन आकडे असतात, एसी-१ चा मोठा आणि एसी-३ चा लहान, मोटरसाठी लहान आकडाच बघायचा. दुकानदाराने मोठा आकडा दाखवून स्वस्तातला गळ्यात मारलेला मी पाहिलाय. एमसीसीबी (शॉर्ट झाल्यावर ट्रिप होणारा मोठा ब्रेकर) किंवा फ्यूज, कॉन्टॅक्टर, रिले यांचा एकमेकांशी मेळ असलेले टाइप-२ कोऑर्डिनेशनचे तक्ते सगळ्या मोठ्या कंपन्या देतात, त्यातली ओळ बघून सामान निवडा, अंदाजाने नको.

आणि आता सगळ्यात महाग पडणारी चूक. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली लावलेला असेल तर त्याच्यातूनही १२ अँपिअरच जातात, त्यामुळे त्याचं सेटिंग १२.२ ला ठेवायचं. नवीन माणूस प्लेटवर २१ वाचतो आणि डायल २१ ला फिरवतो, किंवा २१ मावणारा रिलेच मागवतो. मग मोटरवर दीडपट लोड आला तरी रिले ढिम्म हलत नाही आणि मोटर जळते. अशा जळालेल्या मोटरी रिवाइंडिंगवाल्याकडे रांगेत पडलेल्या बघितल्यात मी, पॅनेल उघडून बघावं तर रिले एकदम नवा, कधी ट्रिपच झालेला नाही.

स्टारमध्ये सुरू करताना करंट डायरेक्ट स्टार्टच्या एक तृतीयांश होतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण टॉर्कही एक तृतीयांशच होतो हे विसरलं जातं. सेंट्रिफ्युगल पंपाला, ब्लोअरला चालतं. भरलेल्या कन्व्हेयरला किंवा क्रशरला मोटर स्टारमध्ये उचलतच नाही, तिथे सॉफ्ट स्टार्टर किंवा ड्राइव्ह बघा.

३) मांडणी: होल मारायच्या आधी सगळं सामान प्लेटवर नुसतं ठेवून बघा

मी अजूनही असंच करतो. माउंटिंग प्लेट टेबलावर आडवी घ्यायची, चॅनल (वायरी घालायची पन्हळ), डीन रेल (सामान अडकवायची पट्टी), कॉन्टॅक्टर, टायमर, एसपीपी (फेज गेला किंवा फेजचा क्रम बदलला की मोटर चालू न देणारा रिले), टर्मिनल सगळं जागेवर ठेवायचं आणि मग खूण करायची.

इनकमर, म्हणजे सप्लाय आत येतो तो मुख्य स्विच, वर किंवा ज्या बाजूने केबल येते तिकडे. तीन कॉन्टॅक्टर एका ओळीत. टर्मिनल खाली, पण ग्लँड प्लेटपासून (केबली आत घ्यायची प्लेट) किमान १५०-२०० मिमी वर, नाहीतर साइटवर आर्मर्ड केबल वळवायला जागा राहत नाही आणि साइटवाल्याला तुम्ही रोज आठवता. गरम होणारी वस्तू, म्हणजे एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) किंवा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, टायमरच्या खाली ठेवू नका, उष्णता वर जाते. ड्राइव्ह असेल तर वर-खाली मोकळी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, साधारण १०० मिमी तरी लागते. चॅनल पूर्ण भरू नये, तिसरा हिस्सा रिकामा सोडा, आणि प्लेटवरही थोडी जागा राहू द्या कारण गिऱ्हाईक सहा महिन्यांनी "यात अजून एक रिले बसवून द्या" म्हणणारच.

सगळी होलं, टॅपिंग, दाराचे कटआउट, ग्लँडची होलं आधी संपवायची, प्लेट आणि बॉक्स ब्लोअरने नाहीतर व्हॅक्यूमने साफ करायचा आणि मगच सामान चढवायचं. बसवलेल्या कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर ड्रिल मारलं की लोखंडाचा भुगा आत पडतो आणि तो भुगा कुठल्या दिवशी दोन फेजच्या मध्ये जाऊन बसेल ते सांगता येत नाही. साइटवर नाइलाजाने होल मारायची वेळ आली तर खालच्या सगळ्या सामानावर कापड पसरा, होलाखाली चिकट टेप धरा, आणि सप्लाय अर्थातच बंद.

एन्क्लोजर कुठं बसणार ते विचारून घ्या. फाउंड्रीत काळी, करंट वाहून नेणारी धूळ असते, इचलकरंजीच्या लूमच्या शेडमध्ये कापसाचा तूस कॉन्टॅक्टरच्या फटीत जाऊन बसतो, कोकणात दमट हवेने आणि खारटपणाने टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडतात. आत बसणाऱ्याला आयपी ५४ पुरेल (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), उघड्यावर असेल तर आयपी ६५ आणि वर छोटं छप्पर. पावसाळ्यात बॉक्सच्या आत घाम धरतो, त्यासाठी थर्मोस्टॅटसह लहान स्पेस हीटर टाका, खर्च फार नाही.

४) पॉवर वायरिंग, आणि माझ्या हातून झालेली चूक

आपल्याकडे फेजला लाल-पिवळा-निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा. या साइझला आम्ही इनकमरला ६ चौरस मिमी आणि मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींना ४ चौरस मिमी कॉपर वापरतो, पण केबल लांब असेल किंवा खोली खूप गरम असेल तर टेबल बघून वाढवा.

स्टार-डेल्टाचं मर्म या जोडणीत आहे. एल१, एल२, एल३ म्हणजे सप्लायचे तीन फेज, आणि यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ म्हणजे मोटरच्या तीन वाइंडिंगची दोन-दोन टोकं. मेन कॉन्टॅक्टरमधून एल१ जातो यू१ ला, एल२ व्ही१ ला, एल३ डब्ल्यू१ ला. डेल्टा कॉन्टॅक्टरमधून एल१ जातो डब्ल्यू२ ला, एल२ यू२ ला, एल३ व्ही२ ला. स्टार कॉन्टॅक्टरची एक बाजू यू२, व्ही२, डब्ल्यू२ ला आणि दुसरी बाजू तिन्ही एकत्र शॉर्ट. बस्स, एवढंच आहे, आणि एवढ्यातच सगळे चुकतात.

मी एकट्याने बांधलेल्या पहिल्या पॅनेलमध्ये डेल्टाच्या दोन वायरी उलट्या गेल्या. एल२ व्ही२ ला आणि एल३ यू२ ला. स्टारमध्ये मोटर मस्त उचलली, मी खूश, आणि सात सेकंदांनी डेल्टात गेली तशी अशी काही घुमली की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली आणि एमसीसीबी ट्रिप. का झालं तर मधल्या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज आलेला, म्हणजे त्याला शून्य व्होल्ट, आणि बाकीची दोन वाइंडिंग सिंगल फेजवर. तिन्ही वायरी सरळ-सरळ गेल्या, म्हणजे एल१ यू२ ला, एल२ व्ही२ ला, एल३ डब्ल्यू२ ला, तर वेगळंच होतं, आवाज नाही, ट्रिप नाही, मोटर डेल्टात गेल्यावर हळूहळू थांबते आणि अँपिअर शून्य, कारण कुठल्याच वाइंडिंगला व्होल्टेज नाही. आमच्या फोरमनने मला त्या दिवशी रागावून काही म्हटलं नाही, फक्त सगळं बंद करून कॉन्टॅक्टर हाताने दाबून बझरने तपासायचं कसं ते दाखवलं, ते पुढे टेस्टिंगमध्ये सांगतो.

मोटर उलटी फिरली तर? मोटरच्या बॉक्समध्ये दोन वायरी अदलाबदल करायच्या नाहीत, सहा वायरींचा मेळ बिघडतो आणि वर सांगितलेला प्रकार होतो. पॅनेलच्या इनकमरला दोन फेज बदला.

अर्थिंग: दाराला स्वतंत्र लवचिक अर्थ वायर पाहिजेच. बिजागरी आहे की असं म्हणू नका, पावडर कोटिंग इन्सुलेटर आहे. प्लेट, बॉडी, दार, ग्लँड प्लेट, प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून स्टडला लग.

बाहेरून अॅल्युमिनियमची केबल येणार असेल तर कॉपरच्या बसबारला किंवा टर्मिनलला सरळ लावू नका, दोन धातूंचा सांधा गंजतो आणि तापतो, तिथे बायमेटल लग लागतो.

५) कंट्रोल वायरिंग आणि फेरूल

इथे क्रम असा: कंट्रोलचा फेज २ अँपिअरच्या एमसीबीतून, मग ओव्हरलोडच्या ९५-९६ या ट्रिप झाल्यावर उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमधून, एसपीपीच्या कॉन्टॅक्टमधून, इमर्जन्सीमधून, स्टॉपमधून, स्टार्टवर. स्टार्ट दाबलं की टायमर आणि स्टारची कॉइल ओढते, स्टारच्या एनओमधून (एरवी उघडा, ओढल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट) मेन ओढतो, मेन आपल्या १३-१४ या एनओमधून स्वतःला होल्ड करतो. वेळ संपली की टायमर स्टारला सोडतो आणि डेल्टाला देतो. स्टारच्या कॉइलच्या आधी डेल्टाचा एनसी (एरवी जुळलेला, ओढल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट) २१-२२ आणि डेल्टाच्या कॉइलच्या आधी स्टारचा एनसी, हे इंटरलॉक कधीही गाळायचं नाही. दोन्ही एकदम ओढले तर तो सरळ तीन फेजचा शॉर्ट आहे. मेकॅनिकल इंटरलॉक मिळतो, तोही लावा. टायमर स्टार-डेल्टासाठीचाच घ्या, त्यात मधे सुमारे ५० मिलिसेकंदांची उसंत असते, साधा ऑन-डिले टायमर लावला की स्टारची ठिणगी विझायच्या आत डेल्टा येतो.

कॉइलचा व्होल्टेज प्रत्येक कॉन्टॅक्टरवर वाचून घ्या. एकाच खोक्यात २३० ची आणि ४१५ ची कॉइल मिसळून येते, दिसायला एकसारखी. ४१५ ची कॉइल २३० वर दिली तर नीट ओढत नाही, २३० ची ४१५ वर दिली तर जळून वास येतो.

वायर १ किंवा १.५ चौरस मिमी, प्रत्येक टोकाला पिन लग, एका टर्मिनलमध्ये दोनपेक्षा जास्त वायरी कधीच नाही, आणि जमलं तर एकच. लगचं इन्सुलेशन स्क्रूखाली दाबलं गेलेलं नाही ना ते बघा, ओढून बघा. दारावर जाणाऱ्या वायरी स्पायरल स्लीव्हमध्ये, दार पूर्ण उघडल्यावर ताण येणार नाही एवढा वळसा ठेवून. २४ व्होल्ट डीसी किंवा सेन्सरच्या वायरी असतील तर त्या पॉवरबरोबर एका चॅनलमध्ये घालू नका, ड्राइव्ह असेल तर अजिबातच नको.

आता फेरूल. फेरूल म्हणजे वायरच्या टोकावरची नंबराची नळी. एका वायरच्या दोन्ही टोकांना तोच नंबर, आणि तो नंबर ड्रॉइंगमध्ये. कंटाळवाणं काम आहे, नवी पोरं टाळतात, "मला माहितीय कुठली वायर कुठं जाते" म्हणतात. एकदा रात्री अडीचला एका कारखान्यातून फोन आला, गळीत हंगाम चालू, पंप बंद, आणि पॅनेल उघडलं तर आत एकाही वायरला नंबर नाही, सगळ्या एकाच करड्या रंगाच्या, ड्रॉइंग नाही. एक ढिला न्यूट्रल शोधायला तीन तास गेले. ज्याने ते बांधलं त्याला सगळं माहीत होतं, पण तो तिथं नव्हता. तेव्हापासून माझ्या पॅनेलमधून नंबराशिवाय एक वायर बाहेर जात नाही, कारण पॅनेल आपण दिवसा टेबलावर बांधतो आणि उघडणारा ते रात्री टॉर्चच्या उजेडात उघडतो.

६) सप्लाय द्यायच्या आधीचं टेस्टिंग

एक, प्रत्येक स्क्रू परत आवळा आणि आवळलेल्यावर मार्करने रेघ मारा.

दोन, सप्लाय नसताना इनकमर ऑन करा, मोटरच्या केबली सोडलेल्या असू द्या, आणि कॉन्टॅक्टर हाताने दाबून बझर लावा. मेन दाबला की एल१ फक्त यू१ शी वाजला पाहिजे. डेल्टा दाबला की एल१ फक्त डब्ल्यू२ शी, एल२ यू२ शी, एल३ व्ही२ शी. स्टार दाबला की यू२-व्ही२-डब्ल्यू२ आपसात. दहा मिनिटं लागतात. माझी चूक यात लगेच सापडली असती.

तीन, मेगर. फेज-फेज आणि फेज-अर्थ, ५०० व्होल्टवर, किमान १ मेगाओहम, नवीन पॅनेलला यापेक्षा कितीतरी जास्त यायला पाहिजे. पण त्याआधी टायमर, एसपीपी, मीटर, एसएमपीएस, ड्राइव्ह यांच्या वायरी सुटल्या पाहिजेत, नाहीतर मेगरने त्यांची इलेक्ट्रॉनिक्स उडते.

चार, मोटर न जोडता सप्लाय देऊन क्रम बघा: स्टार, मेन, टायमर, डेल्टा. स्टॉप दाबून बघा, इमर्जन्सी दाबून बघा, ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबून बघा, एक फेज काढून एसपीपी ट्रिप होतो का बघा. सगळं कागदावर लिहून सही. पॅनेलसाठी आयएस/आयईसी ६१४३९ ही स्टँडर्ड मालिका आहे, गिऱ्हाईक टेस्ट रिपोर्ट मागतं तेव्हा त्याच्यानुसारच मागतं.

मोटर जोडल्यावर टायमर साधारण ६ ते १० सेकंदांपासून सुरू करा आणि क्लॅम्प मीटर लावून बघत बसा. स्टारमधला करंट खाली येऊन स्थिर झाला की बदलायची वेळ झाली. लवकर बदलला तर डेल्टात जोराचा झटका बसतो, मग स्टार-डेल्टा लावून काय मिळवलं? क्लॅम्प मोटरच्या सहा वायरींपैकी एकीवर लावला तर डेल्टात फुल लोडला १२ च दिसणार. "मोटर अर्ध्या लोडवर चाललीय" असं समजू नका, लाइन करंट बघायचा तर इनकमरला लावा.

७) फॉल्ट शोधताना: आधी जीव, मग पॅनेल

इनकमर बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट असतातच. हे लिहायला सोपं आहे, पण हात तिथंच लागतो. आतलं काम असेल तर मागचा फीडर बंद, त्याला कुलूप, चावी आपल्या खिशात. शिवाय दुसऱ्या पॅनेलमधून येणाऱ्या इंटरलॉकच्या वायरी आपला इनकमर बंद असला तरी जिवंत असतात. मीटर आधी चालू ठिकाणी तपासा, मग बंद ठिकाणी, मग परत चालू ठिकाणी. ड्राइव्ह असेल तर बंद केल्यावर त्याच्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरवर ५८० व्होल्टच्या आसपास डीसी बसलेला असतो. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा.

८) नेहमीचे फॉल्ट

काहीच होत नाही. ऑपरेटरला आधी विचारा, शेवटचं काय केलं, काय आवाज आला. मग मीटरची काळी टोच कंट्रोलच्या न्यूट्रलला लावून ठेवा आणि लाल टोच ड्रॉइंगप्रमाणे पुढे पुढे न्या: एमसीबीनंतर २३०, ९५ ला २३०, ९६ ला, इमर्जन्सीनंतर, स्टॉपनंतर. जिथे २३० नाहीसा होतो तिथे फॉल्ट. सर्किट लांब असेल तर मधूनच सुरुवात करा, मध्यावर असेल तर फॉल्ट पुढे, नसेल तर मागे. पार्ट बदलून बघत बसू नका, त्यात दिवस जातो आणि चांगला पार्टही जातो.

नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू नका. न्यूट्रल तुटला असेल तर कॉइलच्या ए१ लाही टेस्टर लागतो आणि ए२ लाही लागतो, माणूस म्हणतो सप्लाय आहे, कॉइल गेली. मीटरने ए१-ए२ मध्ये मोजा, शून्य आला की न्यूट्रलच्या मागे लागा. उलट डिजिटल मीटर लांब केबलच्या सुटलेल्या वायरवरही ६०-९० व्होल्ट दाखवतो, तो खोटा व्होल्टेज असतो, टेस्ट लॅम्प लावला की नाहीसा होतो.

एसपीपीचा लाल दिवा. फेज गेलाय का बघाच, पण तिन्ही फेज चांगले असतील तर फेज सिक्वेन्स तपासा. गावात लाइनचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम झालं की दोन फेज बदललेले असतात, काल चालणारं पॅनेल आज चालत नाही आणि लोक एसपीपी खराब म्हणून तो बायपास करतात. बायपास केला की पंप उलटा फिरतो. इनकमरला दोन फेज बदला, संपलं.

बटण सोडलं की बंद पडतं. होल्डिंगचा १३-१४ किंवा त्याची वायर.

कॉन्टॅक्टर घरघरतो. आधी चालू असताना ए१-ए२ मोजा. २३० च्या कॉइलला १९५ च्या आसपास किंवा खाली मिळत असेल तर दोष कॉन्टॅक्टरचा नाही, व्होल्टेजचा आहे, शेतीच्या लाइनवर संध्याकाळी हे नेहमीचं. व्होल्टेज बरोबर असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ, गंज, किंवा तांब्याची छोटी शेडिंग रिंग तुटलेली. तोंड पॉलिश पेपरने घासत बसू नका, कापडाने पुसा, नाही थांबला तर बदला.

ओव्हरलोड वारंवार ट्रिप. डायल वाढवायची नाही. पहिलं काम तिन्ही फेजचा करंट लिहून काढणं. तिन्ही सारखे आणि जास्त असतील तर पंप, बेअरिंग, ग्लँड पॅकिंग, म्हणजे लोडकडे बघा. एक कमी-एक जास्त असेल तर सप्लाय किंवा ढिला जोड. करंट बरोबर असून ट्रिप होत असेल तर रिलेच्या टर्मिनलवरच ढिला स्क्रू तापून रिलेला फसवतोय का ते बघा, हे मला बरेचदा सापडलंय. आणि मोटर डेल्टात जातच नसेल, स्टारमध्येच अडकून पूर्ण लोड ओढत असेल, तरीही ट्रिप होणारच, म्हणून टायमर आणि डेल्टाच्या कॉइलचा मार्गही तपासा.

बदलताना एमसीसीबी ट्रिप. स्टारचे कॉन्टॅक्ट चिकटलेत का, टायमरची उसंत आहे का, आणि नवीन जोडणी असेल तर वरची माझी चूक.

याशिवाय पाल आणि उंदीर. ग्लँडची रिकामी राहिलेली होलं प्लगने बंद करा, बसबारवर पाल जाऊन झालेला शॉर्ट मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा खाली एक होल उघडं होतं.

९) पॅनेल देऊन झाल्यावर

टेम्पोतून जाताना स्क्रू ढिले होतात, त्यामुळे साइटवर पोचल्यावर एकदा आणि चालवून आठवड्याने एकदा, सप्लाय बंद करून, सगळं परत आवळायचं. दाराच्या आत कप्पा बसवून त्यात ड्रॉइंगची प्रत, ओव्हरलोडचं आणि टायमरचं सेटिंग लिहिलेला कागद. साइटवर एखादी वायर बदलली, एखादा कॉन्टॅक्ट दुसऱ्या नंबरवर नेला, तर त्याच दिवशी त्या प्रतीवर लाल पेनाने खूण करायची, शेजारी तारीख आणि सही.